ऑपरेटर बाईंचा तास

इस्पितळात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. शिपायापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे त्यांना ऑपरेटर बाई म्हणत. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत, स्विचबोर्डसमोर, कानाला हेडफोन लावून बाई एकतीस वर्षं बसल्या. दोनशे चाळीस एक्स्टेन्शन नंबर तोंडपाठ. कोण डॉक्टर कुठल्या वेळी कुठे सापडतो, हे त्या डॉक्टरच्या बायकोला नसेल एवढं बाईंना माहीत.

आणि आवाज! दिसायला बाई चारचौघींसारख्याच, पण बाजारात कुठे "अर्धा किलो द्या" म्हटलं, की शेजारची अनोळखी बाई वळून बघायची. "अहो, तुम्ही इस्पितळातल्या ना? माझ्या सासऱ्यांच्या वेळी तुम्हीच फोन जोडून दिला होता." बाईंना ते सासरे अर्थातच आठवत नसत. पण "आता कसे आहेत ते?" हे विचारायला त्या चुकत नसत.

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन त्यांच्याच इस्पितळात झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण स्वरतंतूची एक बाजू कायमची लुळी पडली. शुद्धीवर आल्यावर बाईंनी पाणी मागितलं, तेव्हा जुन्या वर्तमानपत्राची घडी उलगडावी तसला आवाज आला. कोण बोललं म्हणून त्यांनी बाजूच्या पलंगाकडे बघितलं. तिथे कुणीच नव्हतं.

सर्जन खाली मान घालून म्हणाले, "बाई, शिरेला गाठ चिकटली होती. आम्ही प्रयत्न केला."

"जिवंत आहे ना मी?" बाई घोगऱ्या कुजबुजीत म्हणाल्या. "मग झालं तर."

असं म्हणाल्या खऱ्या. पण स्विचबोर्ड सुटला. उरलेली दोन वर्षं त्यांनी रेकॉर्ड रूममध्ये फायली लावण्यात काढली, आणि निवृत्त होऊन घरी बसल्या. त्यांच्या जागी कुणी माणूस आलंच नाही, रेकॉर्ड केलेला आवाज आला. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा.

घरी नवरा. तो घड्याळजी, खाली दुकान, वर बिऱ्हाड. माणूस मुळात मितभाषी. आजवर घरात बोलण्याचं खातं बाईंकडे होतं, ऐकण्याचं त्याच्याकडे. आता दोघंही गप्प. दुकानातल्या घड्याळांची टिकटिक वरपर्यंत ऐकू यायला लागली, तेव्हा बाईंना आपलं घर किती शांत झालंय ते कळलं.

अशात एका रविवारी सकाळी त्यांचा भाचा आला. धाकट्या बहिणीचा मुलगा, इंजिनियरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवायचा. चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. काहीतरी पोटात आहे हे बाईंनी ओळखलं.

"मावशी, माझी शेवटच्या वर्षाची मुलं लेखी परीक्षेत पहिली येतात आणि मुलाखतीत आपटतात. तोंडच उघडत नाहीत. आणि उघडलं तर बंद करत नाहीत."

"मग?"

"गेल्या वर्षी एक संस्था बोलावली होती. टाय कसा बांधायचा आणि हात किती जोरात दाबायचा, एवढं शिकवून गेली. आमच्या मुलांतल्या निम्म्यांकडे टायच नाही." त्यानं कप खाली ठेवला. "तू येतेस? आठवड्यातून दोन तास."

बाईंना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. त्यांनी आपल्या गळ्यावरच्या खुणेकडे बोट दाखवलं. "या आवाजानं मी बोलायला शिकवू? लंगड्यानं धावायला शिकवल्यासारखं होईल ते."

"आवाज मागतंय कोण? एकतीस वर्षं तू रडणाऱ्या, ओरडणाऱ्या, घाबरलेल्या माणसांशी बोललीस आणि एकदाही फोन आपटला नाहीस. मला ते हवंय."

बाई नाही म्हणणार होत्या. पण घड्याळजीनं भिंगातून डोळा न काढता म्हटलं, "जाईल ती."

पहिला तास सपशेल फसला. वर्गात बेचाळीस मुलंमुली. माइक लावला तर तो असा किंचाळला की पहिल्या बाकानं कान झाकले. माइक बंद केला तर शेवटचा बाक ओरडला, "आवाज!" बाईंनी चार पानं लिहून नेली होती. दुसऱ्या पानावर घसा बसला, तिसऱ्या पानावर मागची मुलं मोबाइल बघायला लागली. एक मुलगा मात्र सतत बोलत होता. कुठल्याही प्रश्नाला तोच उत्तर द्यायचा, आणि उत्तर संपायच्या आत पुढच्या प्रश्नाला हात घालायचा. वर्गानं त्याचं नाव एक्स्प्रेस ठेवलेलं. खिडकीपाशी एक मुलगी बसली होती. तिला काही विचारलं की ती आधी "सॉरी" म्हणायची आणि मग गप्प व्हायची. तिचं नाव सॉरीच पडलं होतं.

घरी येऊन बाईंनी चपला अशा काढल्या की एक दाराबाहेरच राहिली. "मी परत जाणार नाही. मागच्या बाकापर्यंत शब्द पोचत नाही माझा."

घड्याळजी एका मनगटी घड्याळाचं झाकण बसवत होता. ते बसल्यावर तो म्हणाला, "मग त्यांना फोन लाव."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. आयुष्यभर हा माणूस कमी बोलला, पण वाया बोलला नाही.

त्याच आठवड्यात घड्याळजीनं भंगारवाल्याकडून टेलिफोनचे दोन जुने रिसीव्हर आणले. भाच्यानं आपल्या प्रयोगशाळेतून बॅटरी आणि चाळीस फूट वायर दिली. एक रिसीव्हर वर्गात टेबलावर, दुसरा शेजारच्या सामानाच्या खोलीत, तुटक्या बाकांच्या मध्ये. वायर दाराखालून गेली. शुक्रवारी बाई त्या सामानाच्या खोलीत जाऊन बसल्या आणि भाच्यानं मुलांना एकेक करून रिसीव्हर उचलायला लावला.

वर्गात जो आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जात नव्हता, तो रिसीव्हरमधून थेट कानात उतरला. घोगरा, हळू, पण अगदी जवळचा. "नमस्कार. मी ऑपरेटर. कोण बोलतंय आणि काय काम आहे?"

एवढ्या साध्या प्रश्नावर मुलांची भंबेरी उडाली. कुणी म्हणे, "मी... मीच बोलतोय." कुणी जन्मापासूनची हकिगत सांगायला लागला. एका मुलानं रिसीव्हर उलटा धरला आणि मग स्वतःच हसत सुटला. तोंड दिसत नसलं की मान हलवून, हात हलवून, लाजून हसून भागत नाही. जे काय आहे ते शब्दांतच सांगावं लागतं. पंचेचाळीस मिनिटांत एकाही मुलाला मोबाइल आठवला नाही.

बाईंचे नियम तीनच होते, आणि तेही त्यांनी कधी फळ्यावर लिहिले नाहीत. मी कोण आणि मला काय हवंय, हे दोन वाक्यांत. समोरच्यानं जे सांगितलं ते त्याला परत म्हणून दाखवायचं, म्हणजे त्यालाही कळतं आणि आपल्यालाही. आणि फोन रिकाम्या हातानं ठेवायचा नाही. नकार मिळाला तरी पुढे कुणाला विचारू, कधी विचारू, एवढं तरी घेऊनच ठेवायचा.

सॉरीला त्यांनी वेगळं बसवलं. "चूक केलीस की माफी मागायची. वेळ विचारताना कसली माफी मागतेस? माझ्या घरी घड्याळाचं दुकान आहे, वेळेला काही तोटा नाही." मुलगी हसली. हसताना ती सॉरी म्हणाली नाही, हे बाईंनी टिपलं.

एक्स्प्रेसची शिक्षा मोठी होती. आठवडाभर त्यानं सामानाच्या खोलीत बसून फक्त निरोप घ्यायचे. तोंडातून तीनच गोष्टी काढायच्या: "बरं", "पुढे?" आणि समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं परत. मुलगा फुरंगटला. "मॅडम, मला बोलता येतं. बाकीच्यांना येत नाही, त्यांना शिकवा ना."

"तुला बोलता येतं हे सगळ्या मजल्याला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुला ऐकता येतं का, ते बघू दे."

एकदा मुलांनी विचारलं, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? बाईंनी मग सगळ्यांना पुढे जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं.

नोकरीचा पहिला महिना होता. वय बावीस. एका माणसाचा फोन आला. बायकोला ऑपरेशनला आत नेलंय, काय झालं तेवढं सांगा. बाई म्हणाल्या, "थांबा हं, विचारून सांगते," आणि त्याला होल्डवर ठेवलं. तेवढ्यात पाच लाइन एकदम वाजल्या, आणि तो माणूस त्यांच्या डोक्यातून साफ गेला. वीस मिनिटांनी मोठ्या बाईंचं लक्ष बोर्डावरच्या होल्डच्या लाल दिव्याकडे गेलं. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या हेड ऑपरेटर. त्यांनी लाइन घेतली, थिएटरला विचारलं, माणसाला सांगितलं की सगळं ठीक आहे. रागावल्या नाहीत. पण ड्युटी संपल्यावर म्हणाल्या, "तो आता वॉर्डात आलाय. जा, त्याला भेट आणि सांग की ती मी होते."

"मी वॉर्डात गेले," बाई म्हणाल्या. "तो स्टुलावर बसला होता. मी म्हटलं, तुम्हाला होल्डवर ठेवून विसरले ती मी. चूक माझी. वाटलं, आता ओरडेल. तो म्हणाला, लाइन चालू होती ना, मला वाटलं पलीकडे कुणीतरी आहे. म्हणून धरून बसलो."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला.

"त्यानंतर मी मिनिटाच्या वर कुणाला ताटकळत ठेवलं नाही. उत्तर मिळालं नसलं तरी परत लाइनवर जायचं आणि सांगायचं, अजून शोधतेय, मी इथेच आहे. मोठ्या बाईंनी त्या दिवशी मला चारचौघांत झापलं असतं, तर मी नोकरी सोडून पळाले असते. त्यांनी मला त्या माणसासमोर उभं केलं. तिथून मी ऑपरेटर झाले."

तास संपल्यावर बाईंच्या मनात आलं, हे आपण मुलांना सांगितलं, पण मोठ्या बाईंना कधी सांगितलंच नाही. पुढच्या रविवारी सकाळी त्या पत्ता शोधत गेल्या. मोठ्या बाई मुलाकडे राहत होत्या. वय नव्वदीला टेकलेलं, कानाला यंत्र. बाईंचा आवाज बसलेला आणि त्यांचे कान गेलेले. एके काळच्या दोन ऑपरेटर समोरासमोर बसल्या आणि एकीचं दुसरीला ऐकू येईना! शेवटी सुनेनं वही आणून दिली. बाईंनी सगळी गोष्ट लिहून काढली, खाली लिहिलं, "तुमच्यामुळे मी टिकले. सांगायला पस्तीस वर्षं लावली."

मोठ्या बाईंनी भिंग धरून सावकाश वाचलं. मग म्हणाल्या, "मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही गं." त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. "पण मी तसं केलं असेन, तर बरं केलं हो."

बाई परत येताना रस्ताभर स्वतःशीच हसत होत्या. आपलं आख्खं आयुष्य ज्या एका दिवसानं वळलं, तो त्या माउलीच्या लेखी एक साधा दिवस होता. सवयीनं केलेलं काम. आपल्याला असं किती जणांकडून किती मिळालं असेल आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही नसेल, या विचारानं त्यांना भरून आलं.

मार्चच्या सुरुवातीला मुलाखतींचा हंगाम आला. एका मंगळवारी सॉरी वर्गात आली ती डोळे सुजवून. एका कंपनीनं तिला दहा तारखेला बोलावलं होतं, तसा मेसेज होता. ती गेली तर फाटकावरचा वॉचमन म्हणाला, मुलाखती काल झाल्या, परत जा. ती परत आली होती.

"तू कुणाकुणाशी बोललीस?" बाईंनी विचारलं.

"वॉचमनशी."

"वॉचमन नाही म्हणाला. कंपनी कुठे नाही म्हणाली?"

"मॅडम, सोडून द्या ना," कुणीतरी मागून म्हणालं. "आता काय उपयोग?"

बाईंनी टेबलावरची चार पुस्तकं बाजूला केली, खुर्ची ओढली. "बस. नंबर लाव. आमच्या सगळ्यांसमोर."

मुलगी खुर्चीवर बसली. तिनं नंबर लावला, स्पीकर चालू केला. पलीकडून एका बाईचा घाईतला आवाज आला.

"सॉरी, ते... म्हणजे..." मुलगी थांबली. तिनं बाईंकडे बघितलं. बाईंनी काही खूण केली नाही, नुसत्या ऐकत राहिल्या. मुलीनं श्वास घेतला. "नमस्कार. मी इंजिनियरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षातून बोलतेय. माझी मुलाखत तुमच्या मेसेजप्रमाणे दहा तारखेला होती, पण आल्यावर कळलं की ती नऊ तारखेलाच झाली. मला माझी बाजू कळवायची आहे."

"मुलाखती संपल्या. यादी मॅनेजर साहेबांकडे गेली. आता काही होणार नाही."

"म्हणजे यादी साहेबांकडे आहे, बरोबर?"

"हो."

"पक्की कधी होईल?"

पलीकडच्या बाईची घाई थोडी कमी झाली. "परवा."

"मग परवाच्या आत माझा निरोप त्यांच्यापर्यंत पोचायला मी कुठे लिहू?"

आणि पत्ता मिळाला! मुलीनं तो अक्षर न् अक्षर परत म्हणून दाखवला, आभार मानले, फोन ठेवला, आणि मग टेबलावर डोकं टेकून रडली. वर्गानं बाकं बडवली. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले.

मेल सगळ्यांनी मिळून लिहिला. पहिला खर्डा दोन पानांचा झाला. त्यात आदरणीय, विनम्र, कृपया आणि महोदय यांचाच भरणा. बाई एकेक शब्दावर बोट ठेवून विचारत गेल्या, "हा काय काम करतो?" काम न करणारे शब्द घरी गेले. राहिल्या पाच ओळी आणि सोबत त्या मेसेजचा फोटो.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा स्वतःचा फोन आला, आणि तिची मुलाखत वीस मिनिटं फोनवरच झाली. ती जागा तिला मिळाली नाही, दुसऱ्याला आधीच दिली होती. पण मे महिन्यात त्याच कंपनीनं तिला बोलावून घेतलं, ग्राहकांच्या तक्रारी बघायला. मॅनेजर तिला म्हणाले, "आमची चूक असताना तुम्ही आमच्यावर न ओरडता आम्हाला ती दाखवलीत. तक्रारी घ्यायला असंच माणूस हवं."

सगळ्यांचंच असं झालं नाही. सात-आठ जणांना त्या वर्षी काही मिळालं नाही. एक्स्प्रेस तीन मुलाखतींत पडला. पण एके दिवशी तास सुटल्यावर तो मागे रेंगाळला. बोलायला त्याला शब्द शोधावे लागत होते, हे बाई पहिल्यांदाच बघत होत्या.

"काल आईचा गावाहून फोन होता. मी नुसतं बरं, पुढे, असंच करत गेलो. ती अर्धा तास बोलली. तिच्या गुडघ्याचं, घराच्या छपराचं. मला यातलं काही माहीत नव्हतं. ठेवताना म्हणाली, आज तू मला बोलू दिलंस रे."

बाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

वर्षाचा शेवटचा अभ्यास आभाराच्या पत्राचा होता. कुणीही एक माणूस निवडा. त्यानं नेमकं काय केलं ते लिहा, त्यामुळे तुमचं काय झालं ते लिहा. विशेषणं घालायची नाहीत. आणि पत्र खरंच पाठवायचं. मुलांनी बसच्या कंडक्टरला लिहिलं, मोठ्या बहिणीला लिहिलं, एकानं शाळेतल्या शिपायाला. बेचाळीसपैकी सहा पत्रं बाईंच्या घरी आली.

बाई ती घेऊन खाली दुकानात गेल्या. चष्मा वर राहिला होता, आणि परत जिना चढायचा कंटाळा आला. घड्याळजीनं हातातलं काम बाजूला ठेवलं, पत्रं घेतली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. एवढं सलग बोलताना बाईंनी त्याला कधी ऐकलं नव्हतं. आवाज चांगला होता त्याचा. सामानाच्या खोलीतल्या रिसीव्हरबद्दल एकीनं लिहिलं होतं, "तुम्ही दिसत नव्हतात, म्हणून मला तुमची भीती वाटली नाही. म्हणून पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले." ते वाचून त्यानं भिंग पुसलं, आणि पुढचं पत्र उघडलं.

त्या दुपारी बाईंनी स्वतः एक पत्र लिहिलं, भाच्याला. मुलांना घातलेला नियम पाळून, पाच ओळींत. "मी घरी बसले होते. मला आवाज नव्हता म्हणून मी स्वतःला निकामी ठरवलं होतं. तू रविवारी आलास आणि आवाज मागतंय कोण, असं विचारलंस. त्यामुळे मला बेचाळीस मुलं मिळाली आणि माझी एकतीस वर्षं मला परत मिळाली. तुझी, मावशी."

भाच्याला असलं काही पेलत नाही. त्याचं उत्तर तीन दिवसांनी मोबाइलवर आलं. "पत्र मिळालं, मावशी. दोनदा वाचलं. पुढच्या वर्षी मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन. मुलं साठ आहेत. काकांना सांग, अजून दोन रिसीव्हर लागतील."